काकांनी अडवलेल्या नळ्या

"पन ह्यो लागतो कशाला?"

कुठलंही ड्रॉइंग समोर आलं की काका चष्मा कपाळावर सरकवून हेच विचारायचे. तुमच्याही कामाच्या जागी असा एकजण असेल. सगळे त्याच्यावर वैतागतात आणि अडलं की त्यालाच हाक मारतात. काका जवळच्याच ओवे गावचे. तळोज्यातल्या आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर त्यांचा जन्म गेला होता.

मी तिथं नव्या सीएनसी मशीनचे प्रोग्राम लिहायची. काय मशीन होतं! ईमेलने फाइल यावी, बटण दाबावं, की केसाहून बारीक मापाचं काम तयार.

"ताय, तुज्या मशीनला डोकं हाय," काका म्हणायचे, "पन इचारायला तोंड नाय."

एकदा मोठी ऑर्डर आली. लांब, पातळ पोलादी नळ्या. दुधातली साय वेगळी करायच्या यंत्रासाठी, असं गिऱ्हाइकाने लिहिलं होतं. पोलादही त्यानेच पाठवलेलं. मी प्रोग्राम चढवला. काकांनी एक तुकडा उचलून बोटं फिरवली.

"ह्याला गंज चढल. पोरांना गंजाचं दूध पाजनार काय?"

शेठ भडकले. "काका, ही ऑर्डर गेली तर मशीन विकावं लागेल!"

"मंग इका. मी हात लावनार नाय."

मी गिऱ्हाइकाला फोन लावला. डेअरी कुठली, एवढंच विचारलं. पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, आप सिर्फ काम कीजिए." त्यानंतर तो नंबर लागलाच नाही. वेबसाइटवरचा कारखान्याचा फोटो नीट पाहिला, तर तो एआयने बनवलेला! आता शेठचा चेहरा उतरला. त्यांनीच सरकारला कळवलं.

दिल्लीहून अधिकारी आले. अशा नळ्या भयंकर वेगाने फिरवून बॉम्बसाठी युरेनियम वेगळं काढतात, त्यांनी सांगितलं. आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये! माझं फक्त बटण दाबायचं राहिलं होतं.

"ते काका कुठे आहेत?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

काका रजेवर होते, नातीची हळद होती. मी फोन लावून दिला. तिकडे बँजो दणाणत होता. साहेब ओरडून आभार मानत होते आणि काका त्याहून मोठ्याने ओरडत होते, "काय आयकू येत नाय! जेवायला या!"

साहेब खरंच गेले. मीही गेले.

गेल्या वर्षी काका वारले. मला ते त्या मांडवातच दिसतात. गालभर हळद, साहेबांचे दोन्ही हात धरून नाचतायत, आणि साहेबांचा पांढरा शर्ट पिवळाधमक झालाय.