गोधडीतलं पातेलं

ओट्यावर गोधडीत गुंडाळलेलं पातेलं आहे आणि मला त्याच्याकडे बघवत नाही.

युक्रेनमध्ये डॉक्टरकी शिकताना मी ओक्सानाकाकूंकडे भाड्यानं राहायचो. रविवारी त्या बीफ-बटाट्याचा रस्सा करायच्या. कांदा, गाजर, तमालपत्र, मिरी, बस्स. मला उशीर झाला की पातेलं जुन्या रजईत गुंडाळून ठेवायच्या. म्हणायच्या, "माणूस घरी यायचा असला की अन्न गार होऊ द्यायचं नाही."

गेल्या आठवड्यात त्यांच्या शेजारणीचा फोन आला. इमारतीवर बॉम्ब पडला, तेव्हा काकू स्वयंपाकघरात होत्या.

आज तो रस्सा केला. बीफ इथे कुठलं, मटण घातलं. हात सवयीनं मसाल्याच्या डब्याकडे गेला, तो मागे घेतला. आपल्याकडे गेलेल्या माणसासाठी पान वाढतात, कावळा शिवेपर्यंत वाट बघतात. त्यांच्याकडे काय करतात, हे विचारायचं राहूनच गेलं. मग मला येत होतं तेवढं केलं. पातेलं गुंडाळलं.

"अहो, आपण दोघंही घरातच आहोत," बायको म्हणाली. "कोण यायचंय?"

मी गोधडीवर हात ठेवला. मग ती पुढे झाली आणि गोधडीचं सुटलेलं टोक तिनं नीट खोचलं.