आक्कांच्या ई-मेलची चोरी

आमच्या शेजारच्या आक्कांना हळू बोलता येत नसे. कानात सांगितलेलं गुपितही गल्लीच्या टोकाला पोचायचं. कुणी टोकलं तर म्हणायच्या, "मी कुटं वरडाय लागलोय?" हेही टोकापर्यंत ऐकू जाई.

त्यांचं माहेर कुरुंदवाडचं. चांगली वांगी तिथली, चांगलं दूध तिथलं, पाणीसुद्धा तिथलंच. लग्न होऊन चाळीसेक वर्षं कोल्हापुरात काढल्यावर कोल्हापूरबद्दल त्यांचं मत एवढंच होतं: "बरं हाय, ऱ्हायला."

त्यांच्या मुलीने, वैशालीने, स्वतःच्या पसंतीने लग्न केलं आणि ती कॅनडाला गेली. आक्कांचे यजमान अण्णा म्हणाले, "ह्या घरात तिचं नाव काढायचं न्हाय." फोन अण्णांच्या खुर्चीशेजारी असायचा. म्हणून मी आक्कांना कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत ई-मेल खातं उघडून दिलं. सूर्यास्ताआधी जेवण उरकून त्या माझ्याबरोबर यायच्या. त्या सांगत, मी रोमन लिपीत मराठी टाइप करी. थोड्याच दिवसांत कॅफेतले सगळेच वैशालीच्या तब्येतीची चौकशी करू लागले.

तिचे दिवस भरत आले, आणि नेमकं तेव्हाच खातं उघडेना. मालकाने येऊन पाहिलं. "काकू, हॅक झालंय. कुणीतरी पासवर्ड बदललाय."

"म्हंजे चोर माझ्या पोरीची पत्रं वाचाय लागलाय?" आक्का म्हणाल्या. "वाच म्हणावं. खरं मलाबी वाचू दे की!"

मग त्या गप्प बसल्या. हे मी प्रथमच पाहत होते.

पासवर्ड आठवत नसेल तर ठरलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊन नवा घेता येई. खातं उघडताना मी जन्मगावाचा प्रश्न निवडला होता. आता मी 'कुरुंदवाड' लिहिलं आणि खातं उघडलं. चोरानेही हेच केलं असणार. ते उत्तर सगळ्या गल्लीला पाठ होतं.

वैशालीचं पत्र येऊन पडलं होतं, आधीच कुणीतरी उघडलेलं. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. आक्कांनी पदर तोंडाला लावला. पाठवलेल्या पत्रांत चोराचं उत्तरही होतं. मी मोठ्याने वाचलं: "फोटो बघितला. नाक आमच्या आईचं हाय. थंडीत जपा. तुझ्या आईला सांगू नको. अण्णा."

अण्णांचं संध्याकाळचं फिरणं हल्ली का लांबलं होतं, ते कळलं; लांबच्या दुसऱ्या कुठल्या कॅफेत जात असणार. नवा पासवर्ड घेतला की जुना बंद पडतो, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नसावं.

तुम्ही मुलं मला आता सांगता तेच मी आक्कांना सांगितलं. प्रश्न बदला, फक्त तुम्हालाच ठाऊक असेल असं उत्तर ठेवा.

"नको, वैनी."

"अहो, ते पुन्हा बदलतील."

"बदलू देत. आपण परत कुरुंदवाड लिवू. आतनं कडी लावली तर त्यांनी जायचं कुटं?"

पुढे कित्येक वर्षं नवराबायकोने ते खातं एकमेकांकडून आळीपाळीने चोरलं. घरात मात्र वैशालीचं नाव निघालं नाही.

अण्णा गेल्यावर महिनाभराने आम्ही कॅफेत गेलो. मी आमचा मागचाच पासवर्ड टाकून पाहिला. चालला. या वेळी तो कुणी बदललाच नव्हता.

"वैनी," आक्का म्हणाल्या, "आता बदला तो प्रश्न."