निळ्या पेटीचा पंचनामा

तमाम वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, सौंसर आणि पांढुर्ण्याच्या मधल्या एका गावात भरदिवसा, शाळेच्या आवारात, सरकारी पहाऱ्यात असा एक गुन्हा घडला की ज्याने मध्य प्रदेश शासनाची आरोग्य यंत्रणा तब्बल दोन तास जागच्या जागी खिळवून ठेवली. वाचकांनी हातातला चहा खाली ठेवावा. कोणाचं नाव घेणार नाही. घेतलं तर मंडळी माझ्या घरी येऊन जाब विचारतील, आणि त्यांत एक जण अशी आहे की तिला मी आजही वचकून असतो.

वर्षं उलटली, वर्दी उतरली, पण ती दुपार काही डोक्यातून जात नाही.

कोरोनाची दुसरी लाट ओसरली होती. अंबिया बहाराची संत्री पिवळी पडायला लागली होती आणि वर्षभर कुलूप लागलेली पॅकिंगची शेडं पुन्हा उघडत होती. सरकारला दोन कामं एकाच वेळी उरकायची होती: लोकांच्या हाताला काम द्यायचं आणि लोकांच्या दंडाला सुई. म्हणून आमच्या भागात ठरलं की येत्या सोमवारपासून ज्याच्याकडे लसीचा कागद, त्यालाच शेडात आणि बागेत काम. गावोगावी आपदा प्रबंधन समित्या बसल्या, पाट्या लागल्या, दवंड्या पिटल्या. दवंडी पिटणाऱ्या कोटवाराच्या मागे मास्क लावून मीही दोन गावं फिरलो. हौस!

त्या दिवशी ठाण्यात फोन आला. बाईचा आवाज. गावाचं नाव सांगितलं, म्हणाली, शाळेतल्या शिबिरातून लसीची पेटी चोरीला गेली, लवकर या, आणि फोन ठेवून दिला. आमच्या मुंशीनं, म्हणजे ठाण्याची लिखापढी सांभाळणाऱ्या प्रधान आरक्षकानं, रोजनामच्यात नोंद केली आणि मी दोन आरक्षक, म्हणजे शिपाई, घेऊन निघालो.

पोचलो तर शाळेत रडारड. खांद्याला अडकवायची ती निळी पेटी गायब. आत बर्फाची पाकिटं आणि त्यांच्या मधोमध चाळीस जणांची लस. नर्सबाई वयानं लहान, नोकरीही नवी. वीस-पंचवीस मिनिटांपूर्वीच तिनं पेटीतून एक कुपी काढली, झाकण लावलं, शेवटच्या म्हाताऱ्याला टोचलं आणि मोबाइलवर नावं भरत बसली. वर पाहते तो खुर्ची रिकामी. उरलेली लस पाचपर्यंत परत जमा करायचा नियम. पेटी उघडी पडून लस तापली तर चाळीस लोकांचा घास जाणार आणि हिची नोकरी.

मी मिशीवर हात फिरवला आणि फर्मान सोडलं, "पंचनामा होईपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही. लसीची गाडीसुद्धा नाही."

जबाब सुरू झाले. मास्तर म्हणाले, मी वर्गात होतो. आशाताई म्हणाली, मी पाणी आणायला गेले होते. दोघांनीही काही पाहिलं नव्हतं आणि तेवढंच ठासून सांगितलं.

तिसरी साक्षीदार मात्र अस्सल हिरा निघाली. फाटकाच्या आत, निंबाच्या सावलीत, संत्र्याच्या पेट्यांनी भरलेलं एक पिकअप उभं होतं. त्याच्या फळीवर बसलेली बाई संत्रातोडणीच्या टोळीची मुकादम. पंचेचाळिशीची, दणकट, वीस बायांना हाताखाली घेऊन बागा उतरवणारी. बागेतून पहिली खेप घेऊन आली होती. मला पाहताच स्वतःहून म्हणाली, "जय भीम, थानेदार साहेब. मी पाह्यलं त्याले."

तिनं चोर पाहिला होता. उंच. चौकड्याचा सदरा. चौकडे हिरवे. नाही, हिरव्यात एक पिवळी रेघ. डावा पाय जरा ओढत नदीकडे गेला. मी एका आरक्षकाला नदीकडे पिटाळलं. तेवढ्यात तिला आठवलं की तो परत फिरून मोहगावच्या रस्त्याला लागला होता. दुसऱ्याला तिकडे पिटाळलं. मग तिनं आशाताईकडून माझ्यासाठी चहा मागवला. चहा येईपर्यंत चोराच्या सदऱ्याला बटणं किती होती तेही सांगितलं.

इथे माझ्यातला जुना पोलीस जागा झाला. तीस वर्षांत शिकलेली एक गोष्ट सांगतो: खरं पाहिलेला माणूस अडखळतो, डोकं खाजवतो, रंग विसरतो. बटणं मोजतो तो फक्त रचणारा.

मी मुंशीला फोन लावला. म्हटलं, चोरीचा फोन किती वाजता आला, वाचून दाखव. तो म्हणाला, तीन वाजून दहा मिनिटं, महिला, नाव सांगितलं नाही. मी नर्सबाईला विचारलं, शेवटची कुपी किती वाजता काढली? तिनं मोबाइल पाहून सांगितलं, तीन वीस.

म्हणजे चोरी व्हायच्या दहा मिनिटं आधी चोरीची खबर! मी मनातल्या मनात स्वतःला सलाम ठोकला. मग मास्तर आणि आशाताईला विचारलं, ठाण्यात फोन कोणी केला? दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

मी सावकाश पिकअपपाशी गेलो. सगळ्या पेट्यांवर फळ्या ठोकलेल्या. एक तेवढी उघडी, तणसानं गच्च भरलेली आणि वर ओलं पोतं. ड्रायव्हर कुठे आहे म्हणून विचारलं, तर जेवायला गेला म्हणाली. पाच वाजता!

मी म्हटलं, "बाई, पोतं उचलू का?"

तिनं रस्त्याकडे पाहिलं. "उचला ना जी. पन थोडे थांबले असते तं बरं झालं असतं. माह्या बाया येऊनच राहिल्या."

तणसाखाली निळी पेटी. झाकण जसंच्या तसं. नर्सबाई धावत आली, झाकण उघडून पाकिटांवर हात ठेवला; गार. तिनं झाकण लावून पेटी खांद्याला अडकवली.

मी आवाज चढवला. सरकारी मालाची चोरी, महामारीचा कायदा, तुरुंग, सगळं एका दमात सुनावलं. मुकादमबाईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तीनदा हात जोडले मी या पोरीले. आमी अंधारात बागेत जातो, दिवस बुडता येतो. हे दहाले येते, चारले जाते. खाडा केला तं ठेकेदार दुसरी टोळी लावते. अन् सोमवारी कागद नाही तं काम नाही. आमी टोचाचं कवा?"

"मग पोलिसांना कशाला बोलावलंस?"

"कोनाच्या म्हनन्यानं गाडी थांबते काय साहेब? माह्या दिराचा बैल चोरीले गेला होता, तवा तुमचा पंचनामा पाह्यला मी. शेजाऱ्याची म्हैससुद्धा दारातून हालू देली नाही तुमी."

तो पंचनामा माझाच होता.

तेवढ्यात ट्रॅक्टर आला. वीस बाया उतरल्या. हात संत्र्याच्या चिकानं काळे, काट्यांनी ओरबाडलेले आणि प्रत्येकीच्या हातात आधार कार्ड. उन्हं अजून झाडांच्या शेंड्यावर होती. मी तालुक्याच्या डॉक्टरांना फोन केला आणि सगळं खरं खरं सांगितलं. ते म्हणाले, पेटी गार आहे ना? मग टोचा. लस किती वाजता जमा होते ते मी पाहून घेतो.

फिर्याद द्यायला नर्सबाई तयार होईना. म्हणाली, माझी पेटी या आवाराच्या बाहेर गेलीच नाही. हे खरंच होतं. मी पंचनाम्यात तसंच लिहिलं: माल जागेवर मिळाला, नग बरोबर.

पुढच्या आठवड्यापासून आमच्या तालुक्यात बागांच्या गावांना संध्याकाळी शिबिरं लागू लागली. काही ठिकाणी तर थेट बागेच्या बांधावर. सोमवारी त्या गावच्या पॅकिंगच्या शेडासमोरून गेलो तेव्हा आत पेट्या ठोकल्याचे आवाज आणि बायांचं हसणं ऐकू आलं. वर्षभरानं. मी उगाचच जीप थांबवून ऐकत बसलो. नोकरीभर मी 'कोणी केलं' हेच विचारत आलो होतो. 'हा माणूस घरी किती वाजता येतो' हे विचारायला एका चोरणीनं शिकवलं. सरकारनं लस आणली, काम आणलं; दोघांची भेट तेवढी तिनं घडवली.

पण त्या संध्याकाळचा शेवट सांगायचा राहिलाच. विसाव्या बाईचं टोचून झालं. नर्सबाईनं एकविसावं नाव पुकारलं: मुकादमबाई. कोणी पुढे येईना. पाहतो तर आमची ही शूर दरोडेखोरीण पिकअपच्या मागे दडलेली. वीसच्या वीस बायांनी तिला धरून आणलं. टोळीच्या मुकादमालाच कागद नाही म्हटल्यावर टोळीला बागेत घेणार कोण? तिला खुर्चीत बसवलं, बाही वर केली. नर्सबाईनं सुई काढताच मुकादमबाईनं माझा हात घट्ट पकडला, डोळे मिटले आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल अशी ओरडली,

"साहेब, मी चोरी केली, कबूल! बेड्या घाला, पन सुई नोका टोचू!"