आईवर गेलेले डोळे

तहसीलच्या खेपांनी मी आंबून गेलो होतो. भोकरदनहून जालन्याला येताना एसटीत शेजारी खिडकीशी बसलेला माणूस मात्र माझ्याहून थकलेला दिसला. पिळदार मिशा, घट्टे पडलेले हात आणि ढगाळ दुपारीही डोळ्यांवर काळा चष्मा. मांडीवर पाच-सहा वर्षांची लेक, घाऱ्या डोळ्यांची.

पुढच्या सीटवरची बाई मागं वळून हरखली. “किती देखणे डोळे! कोणावर गेली?”

“आईवर,” तो म्हणाला. हे उत्तर त्यानं फार वेळा दिलेलं असावं.

बाई राजूरला उतरली. घाम पुसायला त्यानं चष्मा काढला, तर लेकीचेच घारे डोळे त्याच्याही चेहऱ्यावर. मी चमकलो ते त्याला कळलं.

“पोरीला शोभतेत,” तो म्हणाला. “मी सोयरीक बघायला गेल्तो, तं बाया हसल्या. म्हन्ल्या, नवरदेवाला बाईचे डोळे हायेत. तवापासून चष्मा घालून राह्यलो. आता बिलकुल कटाळा आला.”

चष्मा हातातच ठेवून त्यानं खिडकीला डोकं टेकलं, उघड्या डोळ्यांवर वारा घेतला.

लेकीनं त्याच्या हातातून चष्मा काढून घेतला, फ्रॉकला पुसला आणि त्याच्या कानाशी म्हणाली, “पप्पा, जल्दी घाला. लोक पाहून राह्यले.”