यादीत नसलेली लेबर रूम

माझा आवाज मोठा आहे. डहाणूला आमच्या घरी सगळ्यांचाच आहे. चिकूच्या वाडीत या टोकाहून त्या टोकाला हाक मारायची तर लागतोच. पण तलासरीच्या ज्या हॉस्पिटलात मी सर्व्हर सांभाळते तिथे वाडी नाही, तरी मी तोच आवाज लावते. "वायरला हात कोणी लावला?" असं मी जिन्यातून विचारलं की माणसं दुसऱ्या जिन्याने जायची. मला वाटायचं, धाक आहे म्हणून शिस्त आहे.

आमच्याकडे तीन सर्व्हर आहेत, एकमेकांना जोडून एकासारखे चालवलेले. लॅब, औषधं, पेशंटच्या जुन्या नोंदी, सगळं त्यांच्यावरच. इतकी वर्षं हॉस्पिटलातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवरून आत शिरता येत होतं, म्हणजे आओ जाओ घर तुम्हारा. म्हणून मी फायरवॉल लावायला घेतली. कुठल्या खोलीला आत येऊ द्यायचं त्याची यादी लिहायची, यादीत नसेल त्याला दार बंद. एकदा लिहिलं की तिन्ही सर्व्हर पाळतात, वेगवेगळं सांगावं लागत नाही. यादी मी माझ्याच भिंतीवरच्या नकाशावरून केली. सगळ्या खोल्यांच्या वायरी त्यात होत्या.

सकाळी अकराला नियम चालू केले. तिन्ही सर्व्हर हिरवे. लॅबला विचारलं, ठीक. औषधांच्या खिडकीला विचारलं, ठीक. लेबर रूमला विचारायचं राहिलं. चहा मागवला.

चहा यायच्या आधी लेबर रूमच्या सिस्टरांचा फोन आला. माझ्या आईच्या वयाच्या बाई, हळू बोलणाऱ्या.

"मॅडम, पेशंटची नोंद उघडत नाही."

"रीस्टार्ट करा."

"दोनदा केला."

"मग तिसऱ्यांदा करा. जरा काही झालं की माझ्या नावाने शिमगा कशाला?"

त्या "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला. नंतर अर्धा तास फोन नाही. म्हणजे झालं असेल, असं मी धरून चालले.

कप ठेवायला खाली गेले तेव्हा लेबर रूमचं दार उघडं होतं. आत कॉम्प्युटरचा पडदा पांढराफटक. त्याची वायर खिडकीतून बाहेर काढून, पत्र्यावरून थेट कॅन्टीनमध्ये नेलेली. कॅन्टीनचं कनेक्शन पाहुण्यांसाठी, ते मी मुद्दाम बंद केलं होतं. म्हणजे लेबर रूमलाही मीच दार बंद केलं होतं.

खाटेवर पाड्यावरची एक बाई होती. पहाटे बाळंत झालेली, बाळ ठणठणीत, पण तिचं रक्त जायचं थांबत नव्हतं. तिला सिकलसेल, रक्ताचा जन्मजात आजार. रक्ताची पिशवी टांगलेली होती, नळी हाताला लावायची तेवढी बाकी. डॉक्टर तिच्या मावशीला विचारत होत्या, "मागे इथेच रक्त दिलं होतं, तेव्हा काही त्रास झाला होता का?" मावशी म्हणाली, "थंडी वाजली व्हती. लई." डॉक्टरांनी सिस्टरांकडे बघितलं. "नोंद कुठे आहे? आता मला थांबता येणार नाही."

मी जिना कसा चढले आठवत नाही. पासवर्ड दोनदा चुकला. यादीत कॅन्टीनच्या वायरीची एक ओळ घातली आणि परत खाली धावले. तोवर नोंद उघडली होती. सिस्टर मोठ्याने वाचत होत्या: मागच्या वेळी रक्त सोसलं नाही, यापुढे खास तपासून जुळवलेलंच द्यावं, नेहमीच्या तपासणीत हा दोष दिसत नाही.

डॉक्टरांनी पिशवी काढली. मी, जिला दुसऱ्याची चूक लांबून दिसते, तिने बसल्या जागी एका बाईचा जीव घेतला असता.

लॅबने चार पिशव्या तपासल्या, एक जुळली. दुपारपर्यंत तिच्या ओठांना रंग आला. बाहेर मावशीने माझे दोन्ही हात धरले. "बाय, तू धावत आलीस म्हणून माझी पोर वाचली."

मी हात सोडवून आत गेले. मी सिस्टरांना विचारलं, "ही वायर कधीची?"

"छत गळून जुनी वायर खराब झाली तेव्हापासून. सहा महिने झाले."

"आणि मला कोणी सांगितलं नाही?"

"तुम्ही ओरडता."

"आज तरी परत फोन करायचा होता, सिस्टर. बाई मरत होती."

सिस्टरांनी हातातला कापूस खाली ठेवला. "दोनदा उचलला होता फोन," त्या म्हणाल्या. "हिंमत झाली नाही."