अंगणात आखलेलं समुद्राचं घर

आमच्या गावात समुद्र पाहिलेला माणूस एकच होता, आणि तो खोटं बोलण्याबद्दल पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. त्यामुळे वडिलांनी एका दुपारी जेवताना जाहीर केलं, की यंदा उन्हाळ्यात महिनाभर सुरतेजवळ डुमसला समुद्रावर घर भाड्यानं घ्यायचं, तेव्हा आई हसली आणि त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढून मोकळी झाली.

कारण खरं तर तीच होती. त्या हिवाळ्यात तिला हिवतापानं धरलं होतं. ताप गेला, पण अंगातलं बळ घेऊन गेला. नंदुरबारचे डॉक्टर म्हणाले, हवापालट करा, समुद्रावर न्या. वडील एरवी कुणाच्या बापाचं ऐकत नसत. पण आई आजारी पडली की डॉक्टरचं, वैद्याचं, भगताचं, सगळ्यांचं ऐकत. नंदुरबारच्या एका कापूस व्यापाऱ्यानं डुमसच्या घरमालकाचा पत्ता दिला. गाडी नंदुरबारहून सुरतेला जातच होती. लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. त्या साली कापूसही बरा झाला होता.

पत्रं लिहायची मी. चौथी पास झालेली घरात मी एकटीच, आणि त्याचा मला भारी तोरा होता. वडील ओट्यावर येरझाऱ्या घालत सांगायचे आणि मी ते पुस्तकी मराठीत घालायची. ‘विहीर गोड्या पाण्याची शे का? जातं शे का? बैल कितला बांधता येतीन?’

आई आतून म्हणाली, ‘आगगाडीमा बैल लई जातस का?’

‘इचारामा काय जास?’ वडील म्हणाले. म्हणून मी लिहिलं, ‘आपले येथे बैल बांधण्याची सोय कितपत आहे, ते कळवावे.’

उत्तर गुजरातीत आलं. गुजराती आमच्याकडे सगळ्यांना कळे, वाचायला तेवढा दुकानदार लागे. दोन खोल्या, पश्चिमेला पडवी, विहीर गोडी, जातं आहे, बैलांची सोय नाही. घर एप्रिलच्या अखेरीपासून महिनाभर रिकामं, पुढे-मागे नाही. वडिलांनी लगेच होकार लिहायला लावला. मी ऐटीत इंग्रजी तारीख घातली, खाली त्यांची सही घेतली आणि पत्र टाकून आले.

घर पाहावं बांधून म्हणतात. आम्ही ते पाहिलं पत्रातून. पण वडिलांचं तेवढ्यानं समाधान होईना. पत्रात खोल्यांची मापं हातांच्या हिशेबात होती; दुकानदारानं वाचली तशी मी ती कागदावर उतरवून घेतली होती. त्यांनी एक दिवस चुना कालवला आणि तो कागद माझ्या हातात देऊन मला माप वाचायला लावलं. अंगणात त्या घराच्या भिंती त्यांनी पुऱ्या मापात आखल्या. दारं सोडली, खिडक्या सोडल्या, चुलीची जागाही दाखवली. शेजारीपाजारी बघायला आले आणि दारातूनच आत आले. रेघ ओलांडली तर वडील ओरडत. ‘भित आडी शे, दिसत नही का?’

आईला आधी हा सगळा पोरखेळ वाटायचा. मग एका संध्याकाळी मी पाहिलं, ती त्या आखलेल्या घरात एकटीच फिरत होती. या खोलीतून त्या खोलीत गेली, चुलीशी वाकली, मग पश्चिमेच्या पडवीत येऊन उभी राहिली. समोर आमचा गोठा होता. त्याच्याकडे बघत तिनं वडिलांना विचारलं, ‘आपली तापीमाय तठेच समुद्रले मियस ना?’

वडील म्हणाले, हो, तिथंच, जवळच.

ती तापीच्या काठी जन्मली, तापीच्याच काठी दिली. नदी आपल्या दारावरून रोज जाते ती कुठं जाते, हे तिला कुणी कधी दाखवलं नव्हतं. त्या दिवसापासून बेत तिचा झाला. ज्वारी-बाजरीच्या गोण्या निघाल्या, कुरडया-पापड डब्यांत गेले, खलबत्ता चिंध्यांत बांधला. तिच्या गालांवर रंग दिसू लागला. डॉक्टरांची अर्धी हवा आमच्या अंगणातच लागली, असं वडील सगळ्यांना सांगत.

आणि मग एका सकाळी ती बोटांवर काहीतरी मोजत होती, ती थांबली. ‘आखाजी कव्हय शे, हाई पाह्यं का तुम्हीन?’

कुणीच पाहिलं नव्हतं. खानदेशात अक्षय्य तृतीया म्हणजे आखाजी. दिवाळी एक वेळ चुकेल, पण आखाजीला सासरची लेक माहेरी आलीच पाहिजे. पंचांग खुंटीला टांगलेलं होतं. मी इंग्रजी तारखेच्या तोऱ्यात त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. आखाजी बरोबर त्या महिन्यात येत होती.

माझी मोठी बहीण म्हसावदला दिलेली. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण आखाजीला ती एकदाही आली नव्हती. पहिल्या वर्षी सासरी कुणी वारलं, दुसऱ्या वर्षी नणंदेचं लग्न निघालं. यंदा मात्र धाडतो, असा त्यांचा निरोप होता.

वडिलांनी दमणी जुंपली आणि म्हसावद गाठलं. लेकीला आमच्याबरोबर समुद्रावरच धाडा, असं विचारायला. संध्याकाळी परतले ते हसतच. सासरे म्हणाले होते, सून माहेरी धाडणं वेगळं आणि परमुलखात भाड्याच्या घरात धाडणं वेगळं. पण सासूनं मधला मार्ग काढला होता: सोबत मी येते, मग हरकत नाही.

‘आते काय अडचण शे?’ वडील म्हणाले. ‘इहीनबाई बी येतीन.’

आई उठून चुलीशी गेली. रात्रभर तिनं काय विचार केला कुणास ठाऊक. सकाळी मला शेजारी बसवून हळूच म्हणाली, ‘सासू जठे, तठे माहेर कसं व्हई, बाई? पोर महिनाभर डोक्यावरला पदर खाले करावाव नही.’

मग वडिलांसमोर जाऊन ती वेगळंच बोलली. ‘मन्हाघाई इतला परवास व्हवाव नही.’

वडील खूप चिडले. एवढं सगळं ठरवून, लोकांना सांगून! दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. शेवटी मालकाला पत्र मीच लिहिलं: ‘कुटुंबाची प्रकृती ठीक नसल्यामुळे येणे होत नाही.’ ते खोटं आहे हे घरात आम्हा दोघींनाच माहीत होतं, आणि लिहिताना मला रडू येत होतं. तारीख माझी चुकली होती, समुद्र तिचा गेला होता.

बहीण आखाजीला आली. दारात बैलगाडीतून उतरली ती वाळलेली, गप्प. पहिल्या रात्री आम्ही अंगणात बाजा टाकल्या, त्या चुन्याच्या रेघांतच. सकाळी ऊन अंगावर आलं तरी ती उठेना. तीन वर्षांत कोंबडा आरवल्यानंतर ती झोपली नसावी. आई तिच्या उशाशी बसून पदरानं माश्या हाकत होती आणि कुणाला भांडंही वाजवू देत नव्हती. बहीण दचकून उठली. ‘माय, उठाडं का नही मले?’

‘काय काम व्हतं तुले?’ आई म्हणाली.

त्या पंधरा दिवसांत बहिणीनं झोके घेतले, गौराईची गाणी म्हटली, आमरसात हात कोपरापर्यंत बुडवले आणि मोठमोठ्यानं हसली. आई तिच्याकडे बघत बसे. मला वाटे, बघ, हिला सोडून कोण समुद्र बघेल? मी स्वतःची समजूत घालत होते.

आई समुद्र न पाहताच गेली. त्या सासूचा राग मात्र मी कितीतरी वर्षं मनात धरला. सुनेवर पहारा करायला निघाली होती म्हातारी, असं मी चारचौघींत बोलूनही दाखवलं.

पुढे ती सासू वारली. तेराव्यानंतर मी म्हसावदला बहिणीकडे गेले, तेव्हा ती सासूची पेटी आवरत होती. तळाशी एक नवंकोरं लुगडं निघालं. घडी मोडलेली नव्हती, घडीच्या रेषेवर विरलं होतं. मी विचारलं, हे कधी नेसल्या नाहीत का?

बहीण म्हणाली, ते त्यांनी डुमसला जायला घेतलं होतं. तुमचा बेत मोडल्याचा निरोप आला, त्या दिवशी जेवल्या नव्हत्या. मला म्हणाल्या होत्या, विहीणबाईंबरोबर एकदा समुद्र बघून येईन, पुन्हा मला कोण नेतंय?