जावयाला ओरडायचं कसं

ब्रेकमास्तरांच्या शिकवणीच्या गाडीला हॉर्न नसता तरी चाललं असतं. "क्लच! अहो क्लच, डावा पाय! डावा म्हणजे जेवता त्याच्या उलट बाजूचा!" सिग्नलला शेजारी उभा असलेला माणूस फुकटात मोटार शिकून जाईल, असा खणखणीत आवाज. शिकणारे घाम पुसत उतरायचे, पण परीक्षेत पहिल्याच फटक्यात पास व्हायचे. पुढे कधी रस्त्यात मास्तर दिसले, की काच खाली करून सलाम ठोकायचे.

मास्तरांना दुसरा नाद सायकलचा. दर हिवाळ्यात दोनशे किलोमीटरची फेरी निघायची. शर्यत नव्हे बरं का; पहिला कोण आला हे तिथे कुणी विचारत नाही. पहाटे निघायचं, वाटेतल्या ठाण्यांवर कार्डावर शिक्के घ्यायचे आणि संध्याकाळी सातच्या आत परत यायचं. सातनंतर आलात, तर आलातच नाही. मास्तरांची ही वेळ आजवर एकदाही चुकली नव्हती, आणि घरी आलेल्या पाहुण्याला चप्पल काढायच्या आत ही बातमी मिळायची.

तर यंदा जावई म्हणाला, "मीही येऊ का?"

जावई दातांचा डॉक्टर. बोलणं इतकं मऊ, की दाढ उपटून घेतलेला माणूसच त्याची माफी मागून जायचा. लग्नाला वर्ष होत आलं, तरी सासरा-जावयाची गाडी "कसं काय?", "ठीक, तुमचं?" याच्यापुढे सरकली नव्हती. लेकीला त्याची भारी रुखरुख. तिनेच नवऱ्याला पुढे ढकललं. आणि या गुणी बाळाने, सासऱ्यांना बरं वाटावं म्हणून, नाव नोंदवलं कुठे? जोडीच्या गटात! तिथे दोघांनी बरोबर पोचायचं. एक अडकला की दोघे बाद.

या मुलाने आजवर सायकल मारली ती घरापासून दवाखान्यापर्यंत. "छान केलंत," मास्तर म्हणाले. जावयाला आणखी काय म्हणणार, डोंबल?

पहाटे मास्तर पुढे आणि जावई मागे, असे निघाले. पहिल्याच चढावर जावई जड गिअरशी कुस्ती खेळायला लागला. मास्तरांच्या ओठांवर आलेलं सगळं त्यांनी कसंबसं गिळलं. "म्हणजे, तुम्हाला जमत असेल तर, गिअर जरा हलका करून बघा."

"हो हो, तुम्ही म्हणाल तसं," म्हणत जावयाने गिअर आणखी जड केला.

"उत्तम!" मास्तर म्हणाले, आणि दात खात पुढे बघायला लागले.

शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या पायाखाली त्यांचा वेगळा ब्रेक असतो. इथे तो नव्हता, म्हणून सारखी मान मागे. "आहात ना?" "आहे!" "येताय ना?" "येतोय!" एवढं करूनही दुपारच्या ठाण्यावर ते वेळेत पोचले, तेव्हा मास्तरांच्या जिवात जीव आला.

आणि तिथेच माशी शिंकली. परतीच्या फाट्यावर रस्त्यावर पिवळा बाण रंगवलेला होता. मास्तर नेमके मागे वळून "पाणी प्यायलात ना?" विचारत सरळ निघून गेले. बाण जावयाने पाहिला. पण इतका मुरलेला माणूस सरळ जातोय म्हणजे जवळची वाट ठाऊक असणार, त्यांना टोकणारे आपण कोण? मग काय, पुढचा लांबलचक उतार दोघांनी मजेत गार वारा खात पार केला. उतार संपला तिथे दगडाची खाण होती, आणि रस्ताही तिथेच संपत होता.

"इथून पुढे काही नाही," खाणीचा वॉचमन म्हणाला.

"वर बाण होता," जावई हळूच म्हणाला.

"तुम्ही बघितलात?"

"हो. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

झालं! "अरे, मग बोंब मारायची ना! तोंडाला काय भूल देऊन आलायस? बाण दिसतो आणि गप्प बसतोस? डोळे आहेत की बटणं?"

बोलून गेले आणि मास्तरांनी जीभ चावली. जावयाला चक्क अरे-तुरे! आता लेकीला काय तोंड दाखवायचं?

जावयाचे कान लालबुंद झाले. "आणि तुम्ही?" तो एवढ्या जोरात ओरडला, की वॉचमन दचकला. "पुढे बघायचं सोडून सकाळपासून माझं तोंड बघताय! मी काय पळून जाणार होतो?"

"हे मात्र खरं," वॉचमन म्हणाला.

मास्तर खो खो हसत सुटले. "चल, उतरलो तेवढं आता चढायचंय. गिअर हलका! दुसरीकडे दाब, गाढवा!"

"हे सकाळी नीट सांगायला काय झालं होतं?"

पोटऱ्या भरून आल्या तसा जावई कण्हायला लागला. "थोडंसं दुखेल!" मास्तर पुढून ओरडले, आणि हसण्याच्या नादात जावयाची सायकल पडता पडता राहिली. फाट्यापासून मात्र दोघांनी जीव खाऊन सायकली हाणल्या. भांडत, ओरडत, आळीपाळीने पुढे होत ते पोचले, तेव्हा बाकीची टेबलं उचलली गेली होती.

शेवटच्या टेबलावरचा माणूस मास्तरांकडेच मोटार शिकलेला. त्याने घड्याळाकडे पाहिलं आणि चेहरा पाडला. "सात होऊन गेले, मास्तर." मग खालच्या आवाजात म्हणाला, "पण माझं घड्याळ जरा पुढेच असतं. सातच्या आतलीच वेळ टाकतो. इतक्या वर्षांचा तुमचा नेम का मोडायचा?"

मास्तरांना मोह झाला, खोटं कशाला सांगा. त्यांनी कार्ड पुढे केलंसुद्धा.

"अहो, काय करताय हे?" जावई म्हणाला. "उशीर झाला तो झाला. खरी वेळ टाका."

मास्तरांना ते चांगलंच झोंबलं. क्षणभर त्यांनी जावयाकडे रोखून पाहिलं. धुळीने माखलेला तो पोरगा नजर न झुकवता तसाच उभा होता.

"टाक खरी वेळ," मास्तर म्हणाले. शिक्का पडेपर्यंत त्यांनी कार्ड पुढेच धरून ठेवलं.

"कमाल आहे," टेबलावरचा माणूस पुटपुटला. "हे जावई ना तुमचे?"

"कसला जावई?" मास्तरांचा आवाज अख्ख्या मैदानभर घुमला. "जावई असं बोलतो होय? घरचाच आहे तो."